तुम्ही विचारलंत म्हणून: अकागीचं डेक रिकामं का?

घरी येणारा जवळपास प्रत्येक जण बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या पेटीपाशी थांबतो. आत 'अकागी' या जपानी विमानवाहू नौकेचं मॉडेल आहे. मूळ नौका २६० मीटर लांब, माझी ३७ सेंटिमीटर. मग प्रश्न येतो, "डेकवर तीनच विमानं? बाकीची चिकटवायची राहिलीत का?"

राहिलेली नाहीत. मला ४ जून १९४२ची सकाळ दाखवायची होती, पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या जपान-अमेरिका लढाईची, दहा वाजून वीस मिनिटांची. त्या वेळी डेकवर होती ती काही झीरो लढाऊ विमानं. हल्ल्याला निघायची टॉर्पेडो (पाण्यातून जहाजावर सोडायचं अस्त्र) नेणारी विमानं डेकखाली हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या जागेत होती.

कित्येक वर्षं वेगळंच सांगितलं गेलं. विमानं डेकवर रांगेत उभी, पंखे फिरतायत, आणखी पाचच मिनिटं मिळाली असती तर जपानने हरलेल्या या लढाईचा निकाल फिरला असता. मीही लहानपणी तेच खरं मानलं. पण जपानी नौकांच्या नोंदी पाहिल्या तर सकाळभर झीरो उतरतायत, इंधन आणि गोळ्या भरून पुन्हा उडतायत. अमेरिकन विमानांचे हल्ले थांबतच नव्हते. अशा डेकवर हल्ल्याची विमानं रांगेत लावणार कुठे आणि कधी?

यावर दुसरा प्रश्न ठरलेला: मग जपानी विमानवाहू नौकांचे सेनापती नागुमो यांनी विमानांवरच्या बॉम्ब-टॉर्पेडोची अदलाबदल केली, तीच चूक ना?

व्हाइस ॲडमिरल नागुमो चुइची टॉर्पेडो युद्धातले जाणकार, विमानांच्या युद्धातले नव्हेत. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. पहाटे मिडवेवर १०८ विमानं गेली. सातच्या सुमारास त्यांच्या नेत्याचा संदेश आला की आणखी एक हल्ला हवा. सव्वासातला नागुमोंनी टॉर्पेडो काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावायला सांगितलं. मग टेहळणी विमानाने शत्रूची जहाजं दिसल्याचं कळवलं, तेव्हा ते काम थांबवलं. आठ-वीसला कळलं की त्यांच्यात एक विमानवाहू नौका दिसते आहे.

'हिर्यू' या दुसऱ्या जपानी विमानवाहू नौकेवरून रिअर ॲडमिरल यामागुची तामोन यांनी सुचवलं, आहे ती विमानं लगेच पाठवा. धाडसी माणूस. पण त्याच वेळी मिडवेहून परतलेली विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती. इंधन संपत आलेलं, काहींना गोळ्या लागलेल्या. आधी हल्ला पाठवायचा तर यातली कितीतरी समुद्रात पडली असती. शिवाय हल्ल्यासोबत संरक्षणाला पाठवायला झीरो उरले नव्हते, आणि लढाऊ विमानांच्या साथीशिवाय आलेल्या अमेरिकन विमानांची काय गत झाली हे नागुमोंनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आधी आपली माणसं उतरवून घेतली. मी त्यांना यासाठी दोष देऊ शकत नाही.

मुंबईत विक्रांतचं संग्रहालय होतं तेव्हा मी तिच्या हँगरमध्ये बराच वेळ उभा होतो. वर पोलादी छत, बाजूंना भिंती, आणि विमान वर न्यायला फक्त लिफ्ट. अकागीवर अशाच बंद जागेत, पुन्हा टॉर्पेडो लावण्यासाठी, खलाशी आठशे किलोचा बॉम्ब विमानाच्या पोटाखालून गाडीवर उतरवत होते. सगळ्या विमानांना एकाच वेळी पुरतील इतक्या गाड्याही नव्हत्या. घाई इतकी की काढलेले बॉम्ब कोठारात परत न नेता तिथेच ठेवले. सूर मारून आलेल्या अमेरिकन विमानाचा साधारण साडेचारशे किलोचा एकच बॉम्ब मधल्या लिफ्टजवळ डेक फोडून आत गेला. पुढचं काम इंधनाने आणि त्या ठेवलेल्या बॉम्बनी केलं. 'कागा' आणि 'सोर्यू' या आणखी दोन जपानी विमानवाहू नौका त्याच काही मिनिटांत पेटल्या.

माझा राग आहे तो दोन महिने आधीच्या आंधळेपणावर, आणि ती गोष्ट घडली आपल्या शेजारी, श्रीलंकेजवळ. ५ एप्रिलला नागुमोंच्या नौकांनी कोलंबोवर पुन्हा हल्ला करायचा म्हणून विमानांवरची शस्त्रं बदलायला घेतली आणि तेवढ्यात ब्रिटिश क्रूझर युद्धनौका दिसल्या; परत बदल. ९ एप्रिलला नऊ ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानं कोणाच्याही नजरेला न पडता थेट अकागीवर आली. बॉम्ब आसपास पाण्यात पडले, म्हणून ती वाचली. जे जूनमध्ये झालं त्याची पूर्ण रंगीत तालीमच होती ती! तरीही मिडवेला टेहळणीसाठी विमानं दिली अवघी सात. चारही नौकांवर रडार नव्हतंच. हल्ल्याची विमानं शोधाशोधीत का घालवायची, हा विचार एकट्या नागुमोंचा नव्हता, सगळ्या आरमाराचा होता.

हिर्यूच्या विमानांनी त्या दुपारी अमेरिकेची विमानवाहू नौका 'यॉर्कटाउन' निकामी केली. संध्याकाळी हिर्यूही पेटली. यामागुची आणि तिचे कॅप्टन काकू तोमेओ नौका सोडून गेले नाहीत. नागुमो दुसऱ्या जहाजावर गेले आणि १९४४ च्या जुलैत सायपान बेटावर त्यांनी जीव दिला.

हिर्यूचं मॉडेल आता टेबलावर आहे. तिच्या डेकवर मात्र विमानं असतील, कारण मी तिची सकाळी अकराच्या आधीची वेळ धरली आहे. यामागुचींची १८ बॉम्बफेकी विमानं यॉर्कटाउनकडे निघतायत. त्यातली १२ झाली आहेत.