१७४० साल मला तिसऱ्या यादीत सापडलं

सांख्यिकीचा हात बसावा म्हणून मी मध्य इंग्लंडच्या तापमानाची फाइल उतरवून घेतली. महिन्यांच्या सरासरी तापमानाची ही मालिका १६५९ पासून सुरू होते. उपकरणांवर आधारलेली एवढी लांब मालिका जगात दुसरी नाही. गॉर्डन मॅन्ली या इंग्लिश हवामानतज्ज्ञाने ती जुन्या रोजनिश्यांतून जुळवत आणली. आपल्याला काय, आयती मिळाली.

पहिल्याच फटक्यात एक्सेलने सर्वांत थंड महिना काढून दिला: उणे ९९.९ अंश! चालू वर्षाचे जे महिने अजून यायचे होते, त्यांच्या रिकाम्या जागी भरलेला तो आकडा होता. तो काढला, तर यादीत नुसते जानेवारी आणि जुलै. साहजिकच आहे, सगळ्या महिन्यांची मी एकच सरासरी धरली होती.

मग बारा महिन्यांच्या बारा शीट केल्या. प्रत्येक महिन्याची तुलना त्याच्याच आगेमागच्या एकतीस वर्षांशी केली आणि प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरतात त्या मापाच्या) दुप्पट दूर गेलेला महिना लाल केला. १८१६ चा जुलै लगेच लाल झाला. सरासरी १३.४ अंश, मालिकेतला सर्वांत थंड जुलै. आदल्या वर्षी इंडोनेशियात टांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्यामुळेच तो उन्हाळा गारठला, हे माहीत असल्यामुळे मी खूश. पण लाल खुणा भराभर वाढत गेल्या. तसं व्हायचंच होतं: चार हजारांवर महिने आणि दुपटीची अट, म्हणजे निव्वळ योगायोगानेही दोनेकशे महिने लाल होणार. शिवाय सुरुवातीच्या वर्षांचे आकडे पूर्णांकांत, ३, ४, ६, ७ असे. त्यांना दशांशाच्या काट्यावर तोलण्यात अर्थ नव्हता, ते बाजूला ठेवले.

खरी चूक बारा शीट करण्यातच होती. जानेवारीच्या शीटमध्ये १७४० लाल, उणे २.८. फेब्रुवारीत १७४०, मे मध्ये १७४०, ऑक्टोबरमध्येही. प्रत्येक शीट वेगळ्या दिवशी पाहिल्यामुळे हे एकच वर्ष आहे हे लक्षातच आलं नाही. शेवटी बारा महिन्यांची सरकती सरासरी (दर वेळी एक महिना पुढे सरकत सलग बारा महिन्यांची) काढली, तेव्हा आलेखात खड्डा पडावा तसं ते साल दिसलं: वर्षाची सरासरी ६.८ अंश, मालिकेतली सर्वांत कमी. त्याच्या आधीचं दशक चांगलं उबदार होतं आणि त्या काळातल्या टांबोरासारख्या कुठल्या स्फोटाचं नाव मी तरी ऐकलेलं नव्हतं. नंतर वाचलं, त्याच गारठ्यात आयर्लंडमधले बटाटे जमिनीतच गोठले आणि १७४१ पर्यंत दुष्काळ चालला.