जमाखर्चाच्या वहीतला गाळलेला रकाना

१ तारीख, पगाराचा दिवस

जमाखर्चाच्या वहीत तीन रकाने असतात: तारीख, तपशील, रक्कम. किराणा, दूध, गॅस त्यात नीट बसतात. रात्री साडेअकराला मागवलेला तिसरा कुर्ता बसत नाही. 'कपडे, ८९९' एवढं लिहून महिनाअखेरीला बेरीज कळते, पण तो का घेतला ते कळत नाही. मग पुढच्या महिन्यात कपडे थांबतात आणि त्यांच्या जागी काचेच्या बरण्या येतात.

म्हणून या महिन्यात आणखी दोन रकाने आखायचे. एकात घड्याळातली वेळ, दुसऱ्यात त्या क्षणी मन कसं होतं ते. मनासाठी निबंध नको, एक अक्षर पुरे: कं म्हणजे कंटाळा, रा राग, ए एकटेपणा, थ थकवा, अ अपराधीपणा (मुलांना वेळ देता आला नाही की खेळणं येतं, ते यात), ब बरोबरी (दुसऱ्याकडे आहे म्हणून आपल्यालाही हवं), खु खुशी. भूक लागलेली असेल तर शेजारी एक टिंब. उपाशीपोटी किराणा मागवला की फरसाणाची पाकिटं वाढतात, हे कुणालाही पडताळून पाहता येईल.

लिहायचं ते 'पैसे भरा'वर बोट जाण्याआधी. पार्सल घरी आलं की प्रत्येक वस्तू आधीपासूनच गरजेची झालेली असते, त्यामुळे मागाहून भरलेल्या रकान्यावर भरवसा नाही. घ्यावीशी वाटली पण घेतली नाही, अशी वस्तूही लिहायची आणि पुढे फुली मारायची. महिनाअखेरीला याच फुल्या कामाला येतात.

२ तारीख

नोटा मोजून देताना हात जरा अडखळतो. पाचशेची मोडताना तर जास्तच. फोनवर ते अडखळणं नाही. प्रेलेक आणि सिमेस्टर या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी काहींनी रोखीने पैसे द्यायचे होते, काहींनी क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेली. तिकिटं तीच, सामना तोच. तेव्हा स्वतःला 'मन घट्ट कर' म्हणत बसण्यापेक्षा ते अडखळणं परत आणायचं. त्यासाठी खाती वेगळी करावी लागतात.

पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढून टाकायचं. घरभाडं, कर्जाचे हप्ते, विमा, एसआयपी त्या खात्यावर राहू द्यायचं. किमान शिल्लक लागत नाही असं दुसरं बचत खातं उघडायचं आणि फोनमधली सगळी पैसे देण्याची ॲप्स फक्त त्याला जोडायची. दर सोमवारी सकाळी त्यात ठरलेली रक्कम आपोआप जाईल असं बँकेत लावून ठेवायचं, समजा १,८०० रुपये. सोमवारच का? शुक्रवारी भरलेलं खातं रविवारपर्यंत रिकामं होतं आणि पुढचा आठवडा मूळ खात्याकडे हात पसरत जातो. रिक्षा, चहा, बाहेरचं खाणं, हौसेची खरेदी हे सगळं या १,८००मध्ये. किराणा यात घालू नये. तो घातला की दुसऱ्याच आठवड्यात पैसे अपुरे पडतात आणि 'हे आपल्याला जमत नाही' म्हणून सगळंच सोडलं जातं.

ही व्यवस्था तीन ठिकाणी गळते. पहिली गळती रुपे क्रेडिट कार्डाची. ते यूपीआयला जोडलेलं असेल तर खात्यात शून्य असतानाही क्यूआर कोड चालतो, तेव्हा ते काढायचं. दुसरी यूपीआय लाइटची, म्हणजे यूपीआय ॲपमधल्या छोट्या पाकिटाची. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन विचारला जात नाही, आणि पासबुकात लाइटमध्ये पैसे टाकल्याची फक्त एक ओळ दिसते, आतले वडापाव आणि हेअरक्लिपा दिसत नाहीत. लाइट बंद करून शिल्लक परत खात्यात घ्यायची. तिसरी गळती सर्वांत मोठी: बुधवारी 'थोडेसेच' म्हणून मूळ खात्यातून पैसे ओढणं. ते रोखायला मूळ बँकेचं ॲप फोनवरून काढायचं आणि नेटबँकिंग संगणकावरच वापरायचं. पासवर्ड शोधण्यात पाच मिनिटं गेली तर ती मिनिटं आपल्याच बाजूची.

४ तारीख

कार्डांचा दिवस. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या परिपत्रकामुळे प्रत्येक कार्डाचे ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. ऑनलाइन व्यवहार बंद ठेवायचे, लागतील तेव्हा उघडायचे आणि काम झालं की पुन्हा बंद. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी एक सांकेतिक क्रमांक, साठवलं जातं. पण खरेदीचा वेग तेवढाच राहतो. दुकानाच्या ॲपमध्ये 'सेव्ह केलेली कार्डं' आणि बँकेच्या नेटबँकिंगमध्ये 'टोकन' अशा दोन्ही ठिकाणी जाऊन ती पुसायची. सोळा आकडे हाताने टाकावे लागले की निम्मी खरेदी उठून कार्ड आणण्याच्या आळसातच मरते.

त्याच बैठकीत 'ऑटोपे'ची, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची, यादी उघडायची. तीन महिन्यांत न उघडलेलं जे काही दिसेल ते रद्द. फोनवर शॉपिंग ॲपच्या सूचना बंद. जाहिरातींचे एसएमएस आणि फोन थांबवायला १९०९.

७ तारीख

'किंमत तासांत मोजा' हा सल्ला जुना आहे, पण हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. हातात येणारा पगार ४२,००० आणि प्रवासासकट कामाचे तास २०० धरले, तर तास २१० रुपयांचा होतो. मग १,८०० रुपयांचे बूट साडेआठ तासांत मिळाले असं वाटतं, म्हणजे एक दिवस, ठीकच की! पण त्या ४२,०००मधले ३३,००० भाडं, हप्ते, शाळा, किराणा यांत आधीच गेलेले आहेत. मोकळे राहतात ९,०००. म्हणजे आपल्या हातातला तास खरं तर ४५ रुपयांचा, आणि बूट ४० तासांचे. अख्खा आठवडा. आपला आकडा काढून फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवावी, आणि भाडं किंवा हप्ता बदलला की चिठ्ठीही बदलावी.

९ तारीख, रात्री

एका आठवड्याची वही पुरेशी बोलकी होते. बहुतेकांच्या 'वेळ' रकान्यात दोनच जागी गर्दी दिसते: जेवणानंतरचा दिवाणखाना आणि दिवा मालवल्यानंतरचं अंथरूण. मनाची अक्षरंही दोन किंवा तीनच. सातही आढळली तर नोंद घाईत झाली आहे.

अक्षर कळल्यावर त्यावरचा उतारा वेगवेगळा. थकव्याला झोपच लागते. त्यासाठी साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि उठायला साधं गजराचं घड्याळ. रागावर पंधरा मिनिटं चालणं बरं, पण चालताना फोन घरी. कंटाळ्याला हाताला काम हवं, नुसतं 'दुसरं काहीतरी पाहू' म्हटलं की व्हिडिओ येतो आणि व्हिडिओत पुन्हा जाहिरात. एकटेपणाला मात्र वस्तू कधीच पुरत नाही, तिथे फोन लावायचा तो माणसाला. बरोबरीच्या अक्षराबद्दल जास्त लिहीत नाही. स्टेटस म्यूट करता येतात आणि ज्याचं केलं त्याला कळत नाही.

१२ तारीख

थांबण्याची यादी. ५०० रुपयांखालच्या वस्तूला एक रात्र, ५०० ते ३,०००ला सात दिवस, त्यावरच्या वस्तूला पुढच्या पगारापर्यंत थांबायचं. यादी कागदावर हवी. ॲपमधल्या विशलिस्टमध्ये वस्तू टाकणं म्हणजे दुकानदाराला आपली दुखरी नस दाखवणं. 'किंमत उतरली', 'शेवटचे २ नग' हे निरोप तिथूनच सुटतात. कागदावर वस्तूसमोर आजची किंमत लिहायची आणि सात दिवसांनी पुन्हा पाहायची. 'आज रात्री १२पर्यंतच' असलेला भाव पुढच्या आठवड्यातही सापडला की अशा घड्याळांची भीती कायमची जाते.

खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, 'नको, मला बचत करायची नाही' असं लिहिलेलं नकाराचं बटण: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली आहे. तक्रार १९१५वर करता येते. स्क्रीनशॉट मात्र त्याच क्षणी काढावा, नंतर पान बदललेलं असतं.

मोफत डिलिव्हरीसाठी कार्ट फुगवणं ही वेगळी खोड. ३० रुपये वाचवायला १२० रुपयांची बिस्किटं. वहीत ती 'किराणा' म्हणून लपतात, म्हणून त्यांना 'भर' असं वेगळं नाव द्यावं.

१५ तारीख

आपल्याकडे खर्चाला मुहूर्ताची ढाल मिळते. साडेतीन मुहूर्त, वर गुरुपुष्यामृत, त्यावर हळदीकुंकवाचं वाण. दिवाळी दरवर्षी येते, तरी बोनसच्या भरवशावर ती अचानक आल्यासारखी साजरी होते. गेल्या वर्षीच्या दिवाळीचा सगळा खर्च (कपडे, फराळ, आकाशकंदील, भाऊबीज, गावचा प्रवास) मांडायचा. १८,००० झाला असेल तर बारा महिने १,५०० बाजूला टाकायचे.

साडीची किंमत लेबलवर नसते. 'ऑफर'मधली २,२००ची साडी, फॉल-पिको १५०, अस्तरासकट ब्लाऊजची शिलाई ७००, परकर २५०. झाले ३,३००, आणि मॅचिंग बांगड्या अजून तुळशीबागेतच आहेत. थांबण्याच्या यादीत लिहायचा तो ३,३००चा आकडा.

सोन्याचं तर विचारूच नका. 'हा खर्च नव्हे, गुंतवणूक' या वाक्याने सगळ्या शंका मिटतात. ५०,००० रुपयांच्या सोन्याच्या दागिन्यावर १२ टक्के घडणावळ म्हणजे ६,०००. एकूण ५६,०००वर ३ टक्के जीएसटी १,६८०. बिल ५७,६८०. तोच दागिना संध्याकाळी विकायला नेला तर फार तर सोन्याचे ५०,००० मिळतील. ७,६८० ही हौसेची किंमत. हौस जरूर करावी, फक्त वहीत ती हौसेच्या रकान्यात लिहावी, बचतीच्या नव्हे.

१८ तारीख

'बिनव्याजी हप्ता' हे नाव फसवं आहे. बँक व्याज लावते आणि दुकान तेवढी सूट आधीच देतं. २४,०००चा फोन, ६ हप्ते, ४,००० प्रत्येकी, आत १६ टक्के दर धरला तर व्याज साधारण १,०८० रुपये. ते सुटीत वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९५ रुपये, आपल्याच माथी. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा कर धरून सुमारे ४३० रुपये गेले. त्याहून मोठा तोटा मनाचा: किंमत २४,०००वरून ४,०००वर आल्यासारखी वाटते आणि कव्हर, इअरबड, विमा बिनदिक्कत कार्टमध्ये पडतात.

क्रेडिट कार्डाच्या बिलाची नुसती 'किमान देय रक्कम' भरणं त्याहून वाईट. २०,००० थकबाकी आणि महिना ३.५ टक्के दर असेल तर व्याज ७००, त्यावर जीएसटी १२६. ५ टक्क्यांनी १,००० भरले तर मुद्दलातून गेले फक्त १७४. शिवाय पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या दुधावरही आजपासून व्याज. थकबाकी असेल तर बचतीची बाकी सगळी योजना बाजूला ठेवून आधी ती फेडायची.

२१ तारीख

घसरण्याचा दिवस येतोच, बहुधा तिसऱ्या आठवड्यात. खरा धोका त्या खरेदीचा नसतो. 'आता महिना बिघडलाच आहे, मग हेही घेऊ' या विचाराचा असतो. म्हणून पुढच्या आठवड्याचे १,८०० शिक्षा म्हणून ९००वर आणायचे नाहीत. आवळलेला पट्टा पुढच्या रविवारी तुटतो.

पार्सल त्याच दिवशी, उजेडात उघडायचं. टॅग कापायचा नाही, पिशवी फाडायची नाही. परतीच्या मुदतीची तारीख खोक्यावर पेनने लिहायची. लाजेने कपाटामागे ढकललेली खोकी मुदत उलटल्यावरच सापडतात. परताव्याचे पैसे बँक खात्यात मागवायचे. दुकानाच्या वॉलेटमध्ये गेलेले पैसे परत आलेले नसतात, पुढच्या खरेदीची वाट पाहत तिथेच बसलेले असतात.

२६ तारीख

काही वेळा वही पुरत नाही. घेतलेली खोकी न उघडता पडून राहणं, घरच्यांपासून कर्ज लपवणं, थांबवायचं ठरवून वारंवार न थांबणं: आवेगी खरेदीच्या या विकाराचा उल्लेख जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात आवेगनियंत्रणाच्या विकारांखाली आहे. झोप एकदम कमी होऊन उत्साह ओसंडतोय आणि बेसुमार खर्च चाललाय, तर तो उन्मादाचा झटका असू शकतो. तिथे उपदेश नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, विनामूल्य, चोवीस तास.

३० तारीख

फुल्यांची बेरीज. न घेतलेल्या वस्तूंची रक्कम तशीच खात्यात राहिली तर ती दुसऱ्या नावाने खर्च होते, म्हणून फुली मारल्याच्या दिवशीच ती हलवावी. तिसऱ्याच बँकेत, कार्ड आणि यूपीआय नसलेल्या खात्यात. दोन-तीन महिन्यांत आकडा स्थिरावला की त्यातली खात्रीची रक्कम पोस्टाच्या आरडीत लावता येते: महिना किमान १०० रुपये, मुदत ५ वर्षं, आणि ३ वर्षांआधी मोडता येत नाही. इथे ही अडचणच उपयोगाची. भिशीतही लोक शिस्तीने पैसे भरतात कारण चारचौघांत नाव जातं, पण चालवणारा पसार झाला तर हाती फार काही उरत नाही.

नव्या महिन्याच्या पानावर एकूण खर्च लिहायचा नाही. वहीतून निघालेल्या दोन वेळा आणि दोन अक्षरं लिहायची, समजा 'रात्री ११, थ' आणि 'रविवार दुपार, कं'. त्याखाली १ तारखेचे पाच रकाने पुन्हा आखायचे. सोमवारचे १,८०० कमी पडले का उरले, ते पाहून आकडा शंभराने हलवायचा, त्याहून जास्त नाही.