कानोसा आणि चोरून ऐकणे

गेल्या महिन्यात एका परिचितांनी त्यांनी केलेल्या नाट्यानुवादाची कच्ची प्रत मला वाचायला दिली. मूळ नाटक इंग्रजी असले तरी अनुवादात ते मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये घडते. दुसऱ्या अंकात घरातला नोकर दाराआड उभा राहून मालक आणि वकील यांचे मृत्युपत्राविषयीचे बोलणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, आणि तिथल्या रंगसूचनेत 'तो कानोसा घेत असतो' असे लिहिले होते. मी पेन्सिलीने 'कानोसा' खोडला. पण त्याच्या जागी काय लिहावे, हे मात्र सुचेना.

रात्री मागील दारी काही खडखडले, की आपण पांघरूण बाजूला सारून कानोसा घेतो. मूल खरोखर झोपले आहे की डोळे मिटून नुसते पडले आहे, याचा आई कानोसा घेते. कानोसा घेणाऱ्याला मजकूर नको असतो, अंदाज हवा असतो. पलीकडचे बोलणे शब्दन्‌शब्द कळू लागले, की कानोसा संपतो आणि ऐकणे सुरू होते. म्हणून तर निवडणुकीच्या तोंडावर वर्तमानपत्रे मतदारांच्या मनाचा कानोसा राजरोस घेतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आमचा नोकर मात्र मृत्युपत्राची कलमे ऐकत होता.

मराठीत या सगळ्या व्यवहाराची वाटणी मोठी हिशेबी आहे. समोरचा आपल्याशी बोलत असेल तर आपण कान देतो, संशय आला तर कानोसा घेतो, आणि जे आपल्यासाठी नाही ते ऐकायचे असेल तर चोरून ऐकतो. चौथा प्रकार कानावर पडण्याचा. त्यात ऐकणारा अगदी निर्दोष ठरतो, कारण बोलणे आपण होऊन पडलेले असते. 'कानावर आले आहे' ही त्याचीच प्रतिष्ठित बहीण. 'तुमच्याविषयी काही गोष्टी माझ्या कानावर आल्या आहेत' असे वरिष्ठ म्हणतात, तेव्हा सांगणारा आणि ऐकणारा असे दोघेही त्या वाक्यातून अंग काढून घेतात आणि आरोपी तेवढा शिल्लक राहतो. इतके सोयीचे वाक्य मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. दोन खोल्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांचे पार्टिशन असे आणि त्यातून शेजारच्या बिऱ्हाडातला उसासासुद्धा ऐकू येई, मग नवराबायकोच्या भांडणाविषयी तर बोलायलाच नको. तिथे चोरून ऐकण्याला अर्थच नव्हता. कौशल्य लागे ते ऐकून न ऐकल्यासारखे करण्याचे. रात्री पलीकडे आवाज चढले, की आत्या आमच्याकडे डोळे वटारून पाहत असे आणि सकाळी नळावर त्याच शेजारणीला 'आज पाणी लवकर आलं हो' एवढेच म्हणत असे. कानाआड करणे या शब्दप्रयोगाचा पूर्ण अर्थ मला तिच्याकडे पाहून कळला. आमच्या मजल्यावर ऐकणाऱ्याला कोणी नावे ठेवत नसे. ऐकलेले दुसऱ्या मजल्यावर नेणाऱ्याला ठेवत.

'षट्कर्णी होणे' या शब्दप्रयोगाचा रोखही तिकडेच आहे. पुष्कळांना वाटते, की षट्कर्णी म्हणजे गावभर. प्रत्यक्षात हिशेब फार लहान आहे. दोघांचे कान चार. तिसरा आला, की सहा. सहा कानांवर गेलेली मसलत फुटते आणि चार कानांतली टिकते, असे पंचतंत्रात सांगितले आहे. म्हणजे गुपित फुटायला गाव लागत नाही, दाराआडचा एक माणूस पुरतो. आमच्या नाटकात मालक, वकील आणि नोकर मिळून नेमके सहाच कान होतात.

मात्र चोरून ऐकणे हे आपल्याकडे दर वेळी पापच मानले गेले आहे, असे म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात. क्षीरसागराच्या परिसरात शंकरांनी शक्तीच्या 'कर्णकुहरीं' जे सांगितले, ते 'मकरोदरीं गुप्त' असलेल्या मत्स्येंद्रनाथांना लाभले. तेथून ते गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्याकडून ज्ञानदेवांपर्यंत आले. थोडक्यात, पत्नीच्या कानात सांगितलेली गोष्ट माशाच्या पोटातल्या तिसऱ्याने ऐकली आणि ती षट्कर्णी झाली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली. ज्ञानदेव चोरीचा शब्दही काढत नाहीत. ते ज्ञान त्याच्या हाती आले, एवढेच म्हणतात.

अखेर मी अनुवाद बाजूला ठेवून मूळ इंग्रजी शब्दाकडे, म्हणजे ईव्हज्‌ड्रॉपिंगकडे वळलो. आपण जिला वळचण म्हणतो, त्या छपराच्या पुढे आलेल्या कडेवरून पागोळ्या जिथे गळतात, ती भिंतीलगतची जागा म्हणजे मूळची ईव्हज्‌ड्रॉप, आणि तिथे उभा राहून आतले बोलणे ऐकणारा तो ईव्हज्‌ड्रॉपर. इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता. १७६९ मध्ये ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अशा माणसाचे वर्णन करताना भिंतीखाली किंवा खिडकीखाली ऐकणे आणि त्यावरून बदनामीच्या कंड्या पिकवणे या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. आत्याला हे पटले असते. १९६७ च्या फौजदारी कायद्याने तो गुन्हा तिथे रद्द झाला.

म्हणजे इंग्रजी शब्दालाही कृती एका शब्दात सांगायची होती तेव्हा जागेचाच आधार घ्यावा लागला. आपण जागा उघडच सांगतो, दाराआडून, पडद्याआडून, भिंतीला कान लावून. 'वळचणीला उभा राहून' असे लिहिण्याचा मोह मला फार झाला. परंतु नाटकातला फ्लॅट सातव्या मजल्यावरचा होता. शेवटी समासात 'तो दाराला कान लावून ऐकत असतो' असे लिहिले आणि प्रत परत केली.