अॅमस्टरडॅममधली एक भिंत आणि एका साप्ताहिकाचा संपादक

अॅमस्टरडॅमला जाणारे बहुतेक जण राइक्सम्युझियम पाहून कालव्यांकडे वळतात. तिथून पायी थोड्याच अंतरावर, वेटरिंगच्या चौकातल्या हिरवळीवर एक भिंत आहे. मी खास तिच्यासाठी गेलो होतो. मेट्रोची ५२ नंबरची गाडी फेझलखराख्त स्थानकावर सोडते, तिथून वर आलं की चौक समोरच.

भिंतीवर डच भाषेतल्या तीन ओळी आहेत. जुलमी सत्तेपुढे मान तुकवणारा समाज जीव आणि मालमत्तेपेक्षाही जास्त काही गमावतो, मग प्रकाशच विझतो, असा त्यांचा आशय. लिहिणारा हेंक फान रँडवेक, मूळचा शाळामास्तर. जर्मनांनी देश व्यापल्यावर ३१ ऑगस्ट १९४० रोजी, राणी विल्हेल्मिना यांच्या वाढदिवशी, 'फ्रेय नेदरलँड' हे गुप्त पत्रक निघालं. पहिल्या फळीतले बरेच जण पकडले गेले. मग रँडवेक यांनी संपादनाची धुरा घेतली. त्यांनाही अटक झाली; सुटल्यावर ते पुन्हा त्याच कामाला लागले.

रस्त्याच्या पलीकडे गेरिट बोल्हौस यांनी घडवलेला, कोसळलेल्या बिगुलवाल्याचा पुतळा आहे. १२ मार्च १९४५ रोजी इथे कैद्यांना आणून गोळ्या घातल्या गेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सक्तीने थांबवून ते पाहायला लावलं. युद्ध संपायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. आज त्याच रस्त्याने सायकली आणि ट्राम भरधाव जातात. मला तिथून लवकर हलवेना.

पण रँडवेक मला खरे मोठे वाटतात ते युद्धानंतरच्या एका लेखामुळे. जुलै १९४७ मध्ये डच फौजांनी आपल्या जुन्या वसाहतीच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या, स्वातंत्र्यावर हल्ला चढवला आणि सरकारने त्याला 'पोलिसी कारवाई' म्हटलं. 'फ्रेय नेदरलँड' तोवर उघड साप्ताहिक झालं होतं. त्यात रँडवेक यांनी 'मी डच आहे म्हणून' या शीर्षकाचा लेख लिहून आपल्याच सरकारला खडसावलं. जर्मन ताब्याविरुद्ध जे म्हटलं, तेच आता स्वतःच्या देशाला सुनावायची तयारी त्यांनी दाखवली. वाचक खवळले, वर्गणीदारांनी अंक बंद केले, खप घसरला. १९५० मध्ये ते संपादकपदावरून दूर झाले.

त्याच जुलैत आपण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होतो. भारत आणि ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला. बिजू पटनाईक इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना विमानाने जावातून बाहेर घेऊन आले. हे आपल्याकडे थोडंफार सांगितलं जातं. पण ज्या देशाच्या तोफा धडाडत होत्या, तिथल्याच एका संपादकाने इंडोनेशियाची बाजू घेतली, हे क्वचितच कुणाला माहीत असतं. म्हणून तर हे लिहायला घेतलं.

तिथे जाणार असाल तर आधी आर्टिस प्राणिसंग्रहालयासमोरचं प्रतिकार संग्रहालय पाहा. पकडलं गेल्यास जिवावर बेतू शकत असताना लोक वर्तमानपत्रं कशी छापत आणि वाटत, हे तिथे नीट उमगतं. मग या चौकात या. 'फ्रेय नेदरलँड' अजून निघतं, फक्त २०१६ पासून ते साप्ताहिकाचं मासिक झालं आहे.