तुम्ही विचारलंत म्हणून: फॉरमॅट मारायच्या आधी

"काका, आता फॉरमॅटच मारायला लागतंय काय?" हा प्रश्न मला सारखा येतो. उद्यमनगरात माझं डिझाइनचं काम. कॅड विंडोजवर, बाकी सगळं उबुंटू या लिनक्सच्या सिस्टीमवर, एकाच लॅपटॉपमध्ये दोन डिस्क. हे ओळखीच्या पोरांना ठाऊक असल्यामुळे कुणाची मशीन काळ्या स्क्रीनवर अडली की ती माझ्या टेबलावर येते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. लागत नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाहीच.

लॅपटॉप चालू होत नाही म्हणजे नेमकं कुठं अडतो, ते आधी बघा. बटण दाबल्यावर आधी यूईएफआय, म्हणजे मशीनमध्येच बसवलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, जागं होतं, त्याला आपण अजून बायोसच म्हणतो. कुणाला आधी उठवायचं याची यादी त्याच्याकडे असते. त्या यादीप्रमाणे ते डिस्कवरच्या ईएसपी नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये, म्हणजे कप्प्यात, जातं. विंडोज हे पार्टिशन साधारण १०० एमबीचं करतं. तिथं आपापली सिस्टीम उठवणाऱ्या विंडोजच्या बूट मॅनेजरच्या आणि उबुंटूच्या ग्रबच्या फाइली असतात. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, हिशेब यातलं काहीच तिथं नसतं. बहुतेक मशीन याच टप्प्यावर अडतात आणि डेटा जिथल्या तिथं शाबूत असतो. म्हणून फॉरमॅट हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

मागच्या पावसाळ्यात कागलहून एक डिप्लोमाचा पोरगा आला. एका दुकानात त्याला सांगितलं होतं, दोन्ही सिस्टीम उडाल्यात, सगळं नव्यानं टाकावं लागेल. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट उबुंटूच्या डिस्कवर, बॅकअप नाही. मी एफ१२ दाबून बूट मेनू काढला (एचपीवर हेच एफ९ ला असतं) आणि विंडोज बूट मॅनेजर निवडला. विंडोज सरळ उघडलं. म्हणजे अर्धं घर उभंच होतं.

मग परत चालू करून ग्रबला जाऊ दिलं. 'नो सच डिव्हाइस', पुढं आकड्याअक्षरांची लांबलचक माळ, आणि खाली ग्रबचा लुकलुकणारा कर्सर. तिथं एल आणि एस ही दोन अक्षरं टाइप करून एंटर मारलं की ग्रबला दिसणाऱ्या डिस्कची नावं येतात. आली फक्त एचडी०, म्हणजे पहिली डिस्क, तिच्या पार्टिशनांसकट. दुसरी, एचडी१, नव्हतीच. बायोसमध्ये पाहिलं, तिथंही दुसरी डिस्क नाही. जी डिस्क बायोसलाच दिसत नाही, तिच्यावर सॉफ्टवेअरचा उपाय चालत नाही. मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग हार्ड डिस्कची चपटी केबल पाहिली. एका कडेनं सॉकेटातून किंचित वर आलेली. पोरगा रोज गाडीवरून लॅपटॉप पाठीला लावून येतो. केबल नीट बसवली, उबुंटू उठलं. प्रोजेक्टचं फोल्डर उघडेपर्यंत तो खुर्चीत टेकलासुद्धा नव्हता.

पण त्याच्या मशीनमध्ये मला खुपलं ते वेगळंच. उबुंटू दुसऱ्या डिस्कवर, आणि ग्रबची सुरुवातीची फाइल पहिल्या डिस्कच्या ईएसपीत. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी, म्हणजे ग्रबसाठी, दुसरी डिस्क निवडली, तरी फाइली पहिल्याच ईएसपीत जायच्या. मग एक डिस्क काढली की दुसरीही अडते. दोन डिस्क आहेत तर दोघींचं ईएसपी वेगळं हवं, एवढं मी हट्टानं सांगतो. उबुंटू टाकताना विंडोजची डिस्क सोडवून ठेवा, काम झाल्यावर परत जोडा. मग एक डिस्क मेली तरी दुसरी आपल्या पायावर उठते.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. ते चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. विंडोजचं पार्टिशन मग लिनक्सला नीट जोडता येत नाही, आणि सुरू होतानाच ते जोडायला सांगितलेलं असेल, तर उबुंटू इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. पोरं म्हणतात, उबुंटू बिघडलं. उबुंटू धडधाकट असतं.

बायोसमध्ये डिस्क चालवायच्या पद्धतीचं सेटिंग रेडवरून एएचसीआयवर नेल्यावर विंडोज निळ्या स्क्रीनवर गेलं, तर घाबरू नका, सेटिंग पूर्वीसारखं करा. आणि ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही ड्युअल बूट, म्हणजे दोन सिस्टीमच्या, मशीनवर लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून अडलं होतं, तेव्हा सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उठू देणारं बायोसमधलं सेटिंग) तात्पुरतं बंद करून आत जाता येत होतं. मात्र सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप (एन्क्रिप्शन) बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. ती की नसली आणि विंडोजनं मागितली, तर त्या डेटासाठी मीही काही करू शकत नाही. असं दोनदा झालंय, दोन्ही वेळा समोरच्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तुमचा लॅपटॉप घेऊन येणार असाल तर संध्याकाळी सातनंतर या. चार्जर आणा, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा, आणि अडलेल्या स्क्रीनचा फोटो आत्ताच काढून ठेवा. तोवर दुरुस्तीचं कुठलंच बटण दाबू नका.