आमची वाटचाल : बदललेल्या इंजिनांकडून बांधलेल्या इंजिनांकडे

सुरुवातीची काही वर्षे आमच्या कार्यशाळेत टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या गाडीचे इंजिन जाम झाले की ते उतरवून दुसरे चढवले जाई. पहिले टर्बो इंजिन आम्ही बांधले ते नाइलाजाने, कारण त्या मॉडेलचे तयार इंजिन मिळतच नव्हते. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड करून त्या मापाची, म्हणजे अंडरसाइझ, बेअरिंगे बसवली, बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती पोकळी) ०.५० मिलिमीटरने वाढवून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, टर्बोही नवा लावला. इंजिन सुरेख चालले आणि काही आठवड्यांतच खडखडत परत आले.

खोलल्यावर बिगएंड बेअरिंगांवर (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथल्या) बारीक ओरखडे आणि त्यांत रुतलेले धातूचे कण दिसले. जुना टर्बो मोडताना सुटलेली पूड ऑइल कूलरमध्ये साचली होती आणि तोच कूलर आम्ही वरवर धुऊन पुन्हा जोडला होता. दुसरी बांधणी अर्थातच आमच्या खर्चाने झाली.

त्यानंतर आम्ही एक शिस्त लावून घेतली : इंजिन का गेले, हे कागदावर लिहिल्याशिवाय एकही सुटा भाग मागवायचा नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. जोरात पळवलेली गाडी लगेच बंद केली, की तापलेल्या टर्बोतील ऑइल जळून त्याचा कोळसा होतो आणि ऑइल पुरवणारी बारीक नळी हळूहळू बुजत जाते. अशी नळी तशीच ठेवून नवा टर्बो लावला, तर त्याचीही तीच गत होते. पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटली असेल, तर आम्ही नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांचा) संशय धरून इंजेक्टर आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा, दाब तपासतो. टर्बोतील कंप्रेसरची (हवा दाबणाऱ्या चाकाची) पाती मोडली असतील, तर ती हवा थंड करणारा इंटरकूलर बदलतोच, कारण त्याच्या जाळीतला प्रत्येक तुकडा निघाल्याची खात्री देता येत नाही. या खर्चावरून ग्राहकाशी सर्वांत जास्त वाद होतो, तरीही आम्ही त्यात तडजोड करत नाही.

ग्राइंडिंग आणि बोअरिंग आम्ही आजही बाहेरून करून घेतो. मात्र परत आलेला प्रत्येक जर्नल आणि बोअर स्वतः मोजतो. मशिन शॉपवर अविश्वास आहे असे नाही, पण बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांत असते आणि तिथे चुकीला जागा नसते. कनेक्टिंग रॉडने (पिस्टनच्या दांड्याने) ब्लॉक फोडला असेल, किंवा बोअरवर निकेलचा मुलामा असेल, तर ते काम आम्ही घेत नाही. मुलाम्याची यंत्रणा आमच्याकडे नाही.

बांधलेले इंजिन पहिल्यांदा फिरवताना इंजेक्टर बंद ठेवून, ऑइलचा दाब येईपर्यंत नुसता स्टार्टर मारतो. हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात धरतो. त्यात चमकणारी पूड दिसली, तर गाडी ग्राहकाच्या स्वाधीन न करता सम्प (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) पुन्हा उतरवतो.