बटेरांसाठी माळशेज उतरून अळ्या आणल्या, त्याची हकीकत

अळ्या विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "४० टक्के प्रथिनं, ११० रुपये किलो." एवढ्यावर विश्वास ठेवून पाळलेल्या बटेरांच्या खाद्यासाठी आळेफाट्याहून माळशेज उतरलो आणि मुरबाडच्या बाजूला ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आणायला गेलो. काट्यावर आल्या त्या ओल्या, वळवळत्या. ४० टक्क्यांचा आकडा वाळलेल्या अळ्यांचा! १० किलोत ७ किलोच्या आसपास पाणीच. उरलेल्या ३ किलोत प्रथिनं सव्वा किलोच्याही आत, म्हणजे किलोला नऊशेच्या वर पडली. सोयापेंड मला ५० रुपयांनी मिळते, तिच्यात तेच प्रथिन एकशेदहाला. सरळ लुबाडणूक आहे. हिशोब घरी करून निघायला हवं होतं.

पुढचं त्याहून वाईट. येताना घाटात दरड आली आणि दोन तास गाडी जागची हलली नाही. अळ्या गोणीत तोंड बांधून दिलेल्या. गोणीला हात लावला तर शेणाच्या ढिगात आतून लागते तशी ऊब. तोंड सोडलं तर मधल्या सगळ्या मऊ पडून काळवंडलेल्या, वास असा की मागचा गाडीवाला काच वर करून बसला. खच्चून भरलेल्या अळ्या स्वतःच्याच उष्णतेने मरतात. जाणार असाल तर पसरट क्रेट न्या, दोन बोटांहून जाड थर नको, आणि पावसाळ्यात दुपारनंतर घाट चढू नका. विकत घेण्याआधी तिथेच १०० ग्रॅम अळ्या तव्यावर कोरड्या करून परत तोला. विकणारा नको म्हणाला तर माघारी फिरा. अळ्या कशावर वाढवल्यात हेही विचारा. हॉटेलचं मांस-मच्छीचं उष्टं असेल तर मी फुकटही घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी ओतूरला एकाकडे अझोला (पाण्यावर तरंगणारी शेवाळासारखी वनस्पती) आणि शेवगा पाहिला. दिवस छान गेला. अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी. दिवसाला २५ ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याचं पोट त्याने भरवलं तर अंडी घटलीच म्हणून समजा. मूठभर हिरवा चारा म्हणून ठीक. शेवग्याचा पाला मात्र सावलीत वाळवून दळा, डोळे झाकून. प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या आसपास, बलक चांगला पिवळा येतो, आणि झाड बांधावरच असतं.

तरी अळ्या सोडणार नाही. वाचलेल्या टाकल्या तेव्हा ६०० पक्षी एकदम जाळीकडे धावले, माझा सगळा शीण तिथेच उतरला. पण ६०० पक्ष्यांना रोज १५ किलो खाद्य लागतं. त्यात दहा टक्के वाळलेल्या अळ्या म्हणजे दीड किलो, आणि माझ्या १० किलो ओल्या दोन दिवसांच्याच. म्हणून आता घरीच टबात वाढवतोय, भाजीच्या टाकाऊवर. मोठ्यांना दहा टक्क्यांच्या वर देत नाही, अंडी देणाऱ्यांना शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवतो. पिलं निघतात तेव्हा जेमतेम ७-८ ग्रॅमची असतात, त्यांना अख्खी अळी टाकू नका. वाळवून, भरडून, चाळूनच द्या.